डायनिंग ॲपची वर्षभराची मेंबरशिप: सांगलीत पैसे वसूल होतात का?

गेल्या दिवाळीत एका डायनिंग ॲपची वर्षाची मेंबरशिप घेतली. वर्गणी हजाराच्या आत, हॉटेलात बसून जेवलं आणि ॲपवरून बिल भरलं की सवलत. घरात आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. बाहेर जेवणं होतंच. पावसाळा लागेपर्यंत भरपूर वापरली, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

वर्गणी वसूल झाली का? झाली, आणि लवकर झाली. पण बाहेर जेवायचा महिन्याचा खर्च कमी झाला नाही, उलट थोडा चढला.

त्याचं पहिलं कारण ऑफरच्या खालच्या बारीक अक्षरात सापडतं. '२५ टक्के सवलत' ठळक दिसते, पुढे 'कमाल १५० रुपये' असतं. म्हणजे बिल ६०० झालं की सवलत संपली. पाच माणसांचं बिल १,२४० आलं तर हातात येतात तेच १५०, म्हणजे जेमतेम १२ टक्के. दोघंच गेलो तर मात्र ऑफर अगदी चोख बसते. शिवाय शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी ऑफर बंद, आणि पोरांची शाळा बघता आम्ही सगळे जाणार कधी, तर रविवारीच. एकदा ॲपवर ऑफर चालू दिसत होती आणि काउंटरवरचे म्हणाले, "ताई, आज नाही चालत." जेवण पोटात गेल्यावर वाद काय घालणार!

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आमच्या भागात स्वस्त आणि पोटभर जेवण म्हणजे थाळी, आणि नेमकी थाळीच ऑफरमध्ये नसते. मटण थाळीत सुकं मोजून येतं, पण तांबडा-पांढरा वाटीवर वाटी घ्या, कोणी विचारत नाही. ऑफरसाठी तेच जेवण सुटं मागवावं लागतं: एक हंडी, मग रोट्या एकेक करून, जिरा राइस, वर पोरांचं मंच्युरियन. रोट्यांचाच आकडा बघून आमचे हे गप्प होतात. आमची नेहमीची खानावळ तर ॲपवर नाहीच. यादीत जास्त करून विश्रामबागेतली आणि मिरज रोडची एसी हॉटेलं. तिथे सवलत कापूनही माणशी खर्च खानावळीपेक्षा जास्तच.

मेंबरशिपचा एक फायदा झाला, बिल वाचायची सवय लागली. हॉटेलने स्वतः बिलातच सवलत दिली तर साधारणपणे ५ टक्के जीएसटी सवलतीनंतरच्या रकमेवर लागतो, ॲपवाली सवलत आमच्याकडे कर धरून झालेल्या बिलातून वजा व्हायची. फरक पाच-दहा रुपयांचा, त्यासाठी जीव काढू नका. पण कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) हॉटेलला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही आणि बिलावर तसं छापावं लागतं, ती ओळ जरूर बघा. सर्व्हिस चार्ज सांगलीत मला कुठे लागला नाही, पुण्यात लागला. काढायला सांगितला, काढला. जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना कायम ठेवल्या. कोणी ऐकलंच नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पाण्याचं वेगळं. वेटर "बिसलेरी का साधं?" विचारतो तेव्हा बाटली हातात असते आणि अंगठा झाकणावर. सासूबाई त्याचा प्रश्न संपायच्या आत "साधं" म्हणतात. बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त लावले तरी भांडून उपयोग नाही, बसून जेवायच्या हॉटेलला तसे घेता येतात, हा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे. पाच जणांत तीन बाटल्या वाचल्या तर ॲपच्या सवलतीतला निम्मा भाग तिथेच सुटतो.

कोणी घ्यावी? दोघंच असाल, आठवड्यात मधल्या वारी जात असाल आणि पंजाबी-चायनीज आवडत असेल तर खुशाल घ्या. खानावळवाल्या कुटुंबाने नको. बँकेच्या कार्डासोबत फुकट मिळाली तर नाही म्हणू नका, पण आधी आपल्या गावची यादी उघडून बघा, पुण्या-मुंबईची बघून भुलू नका.

आम्ही पुढच्या वर्षी घेत नाही. ॲपमध्ये रद्द करायचं बटण शोधून दमले, शेवटी यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, बंद केलं. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो खरा, पण दिवाळीच्या गडबडीत तो बघणार कोण?