वाळवीची ट्रीटमेंट, अकोटा: काम चोख, फिनिशिंगची बोंब

आमचं टेनामेंट, म्हणजे रो-हाउससारखं घर, वडोदऱ्याच्या अकोट्यात. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, ओसरलं, पण ओल भिंतीत मुरून राहिली. पुढच्या पावसाळ्यात स्कर्टिंगवरून मातीची बारीक नळी चढू लागली. झाडूने पाडली की आत पांढरी वाळवी सैरावैरा, आणि सकाळी बघावं तर नळी पुन्हा उभी. सासऱ्यांचा टर्पेंटाइनवर फार विश्वास. त्याने दिसते तेवढी मरते हो, पण राणी जमिनीत खाली बसून अंडी घालतेच आहे! मग एक दिवस दिवाळी अंकांचा गठ्ठा उचलला. वरचं मुखपृष्ठ कोरं करकरीत, आत नुसती माती.

शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. खालच्या मजल्याचे साडेसहा हजार घेतले. दोघं जण आले. भिंत आणि फरशी मिळते तिथे फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात पंपाने औषध सोडलं. बाथरूमलगतचं एक भोक औषध पीतच राहिलं. त्यातल्या एका पोराने पंप थांबवला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "बेन, पहेला प्लंबरने बोलावो." आतला पाइप गळत होता. ही गोष्ट त्याने आपणहून सांगितली, म्हणून त्याला माझे पूर्ण मार्क.

औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के. लिटरला 2.1 मिली, म्हणजे 20 लिटरच्या बादलीला 42 मिली. डबा समोर फोडायला लावा आणि माप स्वतः बघा, कारण हात आखडता घ्यायचा तर इथेच घेतात. पूर्वी क्लोरपायरिफॉस मारायचे त्या वासाने डोकं उठायचं, याला वास जवळजवळ नाहीच. वाळवीलाही याचा पत्ता लागत नाही. ती त्यातून जाते आणि अंगाला लागलेलं औषध आपल्या गोतावळ्यात वाटत फिरते. त्यामुळे गुण यायला वेळ लागतो, दुसऱ्याच दिवशी फोन करून भांडू नका. आमच्या नळ्या हळूहळू सुकल्या, पाडल्यावर परत आल्या नाहीत.

आता बोंब. भोकं बुजवली पांढऱ्या सिमेंटने, तीही कोटा फरशीवर! रांगोळीचे ठिपके काढलेत आणि जोडायचे राहून गेलेत, असं घर दिसतं. रंग मिसळायला सांगितलं तर "सुकल्यावर कळणार नाही" म्हणे. कळतं.

वॉरंटी पाच वर्षांची, पण कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय की वाळवी परत आली तर फक्त औषध मारून देणार, सामानाची भरपाई नाही. शिवाय वर्षातून एकदा तपासणीला फोन आपणच करायचा. आमची जुनी सागवानी चौकट वाचली, पुस्तकांच्या कपाटाची प्लायवुडची पाठ मात्र पोकळ झाली होती. तिचे सुताराला वेगळे मोजले.