काँग क्लासिक: एकट्या राहणाऱ्या कुत्र्यासाठी घ्यावं का?

जून लागला की मराठवाड्यातल्या घरांचं वेळापत्रक आठवडाभरात पालटतं. शाळा सुरू होतात, मोठं लेकरू नीटच्या क्लाससाठी लातूरला जातं, वाळूजची शिफ्ट बदलते, गावाकडं पेरणी निघते. उन्हाळाभर सगळ्यांच्या पायात घुटमळलेला कुत्रा अचानक सहा-सात तास एकटा पडतो. मग दार ओरबाडणं, सतत भुंकणं, घरातच लघवी. यावर दुकानात हमखास सुचवलं जातं ते आत खाऊ भरून द्यायचं लाल रबराचं खेळणं, काँग क्लासिक. वस्तू उत्तम आहे, पण सगळ्या कुत्र्यांसाठी नाही.

तीन चेंडू एकावर एक रचावेत तसा हा पोकळ आकार. खाली मोठं भोक, वर बारीक. हे बारीक भोक महत्त्वाचं, कारण एकाच भोकाच्या खेळण्यात आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ अडकू शकते. स्वस्तातली नक्कल घेताना हे आधी बघा. माप वजनावर घ्यायचं: मीडियम ७ ते १६ किलोसाठी, लार्ज १३ ते ३० किलोसाठी. दोन्हींत बसत असेल तर मोठंच घ्या, लहान माप घशात अडकतं. रबराचे लचके तोडणाऱ्या कुत्र्याला काँगचंच काळं, जास्त टणक एक्स्ट्रीम द्यावं.

भरण्यासाठी बाजारचं पीनट बटर लागत नाही. काही डब्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. भाजलेले शेंगदाणे मीठ-गूळ न घालता मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवा. मीडियमसाठी त्यातला एक लहान चमचा बारीक भोकाशी दाबून बसवा. त्यावर मऊ भात किंवा कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि उकडलेला लाल भोपळा मिळून तीन-चार चमचे, शेवटी घट्ट दही. कालचं वरण-भाजी नको, त्यात कांदा-लसूण असतो. बेदाणेही नकोत. बारीक भोक खाली करून पेल्यात उभं ठेवा आणि पाच-सहा तास गोठवा. जेवढं आत भराल तेवढं जेवणातून कमी करा.

सुरुवातीलाच गोठवलेलं दिलं तर बरेच कुत्रे दोनदा चाटून सोडून देतात. आधी सहज सांडणारे डॉगफूडचे कोरडे दाणे, मग ओलं मिश्रण, मग गोठवलेलं, असा क्रम ठेवा. आणि फक्त बाहेर पडतानाच देऊ नका. तसं केलं की काँग दिसताच कुत्र्याला कळतं, आता सगळे जाणार. घरात माणसं असतानाही देत चला.

आपल्याकडच्या उन्हात दोन अडचणी येतात. दही पटकन आंबतं आणि मुंग्या लागतात. खेळणं ताटात द्या, ते ताट पाणी घातलेल्या परातीत ठेवा. धुताना नुसता नळ पुरत नाही, बाटलीचा ब्रश, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण लागतो. वरच्या टोकाकडचा राप राहिला की दुसऱ्या दिवशी वास मारतो.

आता मुख्य परीक्षा. जुना फोन रेकॉर्डिंगला लावून फ्रिजवर ठेवा आणि बाहेर पडा. पहिला अर्धा तास बघा. कुत्रा चाटत बसला आणि मग झोपला, तर त्याला कंटाळा होता, काँगनं काम भागेल. तो दाराशी येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो, आणि तुम्ही परत आल्यावरच खेळण्याकडं वळतो, तर ती खरी भीती आहे. घाबरलेलं जनावर खात नाही. तिथं महागातलं खेळणंही वाया.

अशा कुत्र्याला एकटं राहण्याचा सराव लागतो, आणि तो शाळा उघडायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू झालेला बरा. चावी-हेल्मेट उचलायचं आणि परत बसायचं. मग पाच सेकंद दाराबाहेर, दहा सेकंद, अर्धा मिनिट. कुत्रा शांत असेल तरच वेळ वाढवा, कावरला तर मागच्या टप्प्यावर या. फाडलेल्या चपलेबद्दल मारू नका, त्यानं भीतीच वाढते.

तरीही फरक पडला नाही तर पशुवैद्याला ते रेकॉर्डिंग दाखवा; परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. क्लोमिप्रामिन, फ्लुओक्सेटिन अशी भीती कमी करणारी औषधं दिली जातात, पण मात्रा त्यांनीच ठरवायची, घरातली माणसांची गोळी कधीच नाही. असर दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर सराव चालू ठेवा आणि दुपारी कुत्र्याजवळ शेजारच्या काकू नाहीतर आजोबा बसतील अशी सोय करा.