चेंबरातले ऑईल वाढत होते आणि मी खूश होतो

उजनीच्या जलाशयात करमाळ्याच्या काठाने माझी एक लाँच चालते. तिच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला सोलापूरहून बॅरलने नेलेले ‘बायोडिझेल’, म्हणजे खाद्यतेलासारख्या तेलापासून बनवलेले डिझेलसारखे इंधन, मी चार महिने पाजले, त्याची ही हकीकत.

सोलापूर-पुणे रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये टाकी ठेवून बसलेल्या विक्रेत्याने पंपापेक्षा लिटरमागे 14 रुपये कमी दर सांगितला आणि वर ऐकवले, की गंधक काढलेल्या डिझेलला वंगणपणा उरत नाही, बायोडिझेल तो भरून काढते. दुर्दैव असे की हे खरे आहे. एप्रिल 2020 पासून डिझेलमधले गंधक 10 पीपीएमवर (दहा लाख भागांत 10 भाग) आले. ते काढताना वंगण देणारी द्रव्येही जातात आणि एक-दोन टक्के बायोडिझेलने ती उणीव भरून निघते. मात्र हा गुण ग्लिसरीन, मिथेनॉल आणि पाणी काढून टाकलेल्या मालाचा. माझा माल अर्धाकच्चा होता.

आठवड्यातच फिल्टर चोक झाला, तेव्हा “टाकीतला जुना गाळ सुटतोय” असे उत्तर मिळाले. चांगल्या बायोडिझेलनेही तसे होते, म्हणून मी गप्प बसलो. पुढे रबरी पाइप फुगून मऊ पडला. रोज सकाळी ऑईलची पातळी बघायला स्टिक काढणारा पोरगा मात्र कौतुकाने म्हणायचा, “मालक, इंजिन ऑईल खातच नाही, उलट वाढतंय.” मीही खूश. पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑईलच्या चेंबरात उतरलेले डिझेल गरम ऑईलमधून बरेचसे उडून जाते, पण बायोडिझेलचा उत्कलनबिंदू जास्त असल्याने ते तिथेच साचते आणि ऑईल पातळ करते, हे मला कुठे ठाऊक होते!

मिस्त्रींनी स्टिकवरचे ऑईल दोन बोटांत चोळले, हुंगले आणि म्हणाले, “याला वड्याच्या कढईचा वास येतोय.” इंजिन उघडल्यावर रिंगा खाचेत चिकटलेल्या, बेअरिंगच्या वाट्यांवर तांबे उघडे पडलेले आणि इंजिनाच्या इंधनपंपाच्या प्लंजरवर (दट्ट्यावर) उभ्या रेघा दिसल्या. खर्च 62,000 रुपये.

उरलेला माल रात्रभर काचेच्या बाटलीत ठेवला, तर सकाळी तळाशी दोन बोटे तपकिरी, चिकट थर बसला होता: न काढलेले ग्लिसरीन. दोन रुपयांची ही परीक्षा मी पहिल्याच बॅरलला करायला हवी होती, आणि आयएस 15607 या बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे त्याच बॅचचा तपासणी अहवालही मागायला हवा होता. तक्रारीसाठी पावत्या शोधल्या, तेव्हा सगळ्यांवर एकच शब्द आढळला: ‘तेल’.