बाहेरचा सल्लागार की घरचा माणूस? एका पतसंस्थेचा अनुभव

गेल्या महिन्यात मिरजेहून एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. ‘‘आमचं मंडळ म्हणतंय, प्रसिद्धीसाठी आणि सभासदांशी बोलण्यासाठी बाहेरचा सल्लागार नेमू या. तुम्ही सांगलीत तुमच्या पतसंस्थेत नेमला होता ना? काय करू?’’ वार्षिक सभेचे कागद पुढ्यात होते, मी दोन वाक्यांत उत्तर देऊन फोन ठेवला. ते अपुरं होतं, म्हणून हे लिहितोय. आम्ही दोन्ही करून पाहिलंय. आधी पुण्याची एक कंपनी, अकरा महिने. त्यानंतर आजपर्यंत घरचाच माणूस.

गरज खरी होती, हे आधी सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि पेठेतल्या आमच्या शाखेत पाणी शिरलं. तारणाचं सोनं आदल्याच रात्री विश्रामबागच्या शाखेत हलवलं होतं. पण हे लोकांना कुणी, कुठे आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे ठरेपर्यंत चार दिवस गेले. अध्यक्ष एका बातमीदाराशी एक बोलले, उपाध्यक्ष दुसऱ्याशी दुसरं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायच्या आधी आम्ही दारात उभ्या बायकांना ‘मावशी, तुमचं मंगळसूत्र जाग्यावर आहे’ हेच सांगत होतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा तोच गोंधळ. त्या दिवाळीनंतर पुण्याची कंपनी नेमली.

खर्चाचं लवकर उरकतो. महिन्याची फी आमच्या दोन कारकुनांच्या पगाराएवढी होती. वर १८ टक्के जीएसटी. आपलं उत्पन्न मुख्यतः व्याजाचं, त्यामुळे त्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळण्याची फारशी आशा धरू नका. मंडळात यावर बरीच चर्चा झाली, पण माझ्या मते निर्णय पैशावर करण्यासारखा नाही. पूर आल्यावर एका दिवसात ठेवी काढायला रांग लागली, तर ती फी शेंगदाण्याएवढी वाटते.

कंपनीने दोन कामं अशी केली की ती आमच्याच्याने कधी झाली नसती. पहिलं, ‘संस्थेतर्फे एकच माणूस बोलेल’ हा ठराव मंडळाकडून करून घेतला. मी तीन वर्षं हेच सांगत होतो, कुणी ऐकत नव्हतं. पुण्याहून आलेल्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवून तेच सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरं, कॅलेंडरवरचा अध्यक्षांचा फोटो काढला. बाराही पानांवर असायचा. अध्यक्षांना तोंडावर ‘साहेब, सभासद कॅलेंडर तिथीसाठी भिंतीला लावतो’ असं म्हणायची हिंमत आमच्यात कुणाची? बाहेरच्या माणसाला ती असते, कारण त्याची वेतनवाढ अध्यक्षांच्या सहीवर अडत नाही. बाहेरच्याचा खरा उपयोग मला तरी हाच दिसला.

आता जे मला खुपलं ते.

दर तीन-चार महिन्यांनी आमचं काम बघणारा माणूस बदलायचा. पहिली मुलगी हुशार होती. दोन महिन्यांत तिला थकबाकी, पिग्मी (एजंटने दारोदार जाऊन रोज गोळा करायची छोटी ठेव), कलम १०१ चा वसुलीचा दाखला, सगळं समजलं. चौथ्या महिन्यात ती दुसरीकडे गेली. मग एक मुलगा आला. त्याने पहिल्याच जाहिरातीत ‘आपली विश्वासू बँक’ लिहिलं. पतसंस्थेला नावात काय, जाहिरातीतही ‘बँक’ शब्द वापरता येत नाही, हे मी त्याला फोनवर सांगितलं. बँक वेगळी, पतसंस्था वेगळी, आपण सहकार कायद्याखाली, आपल्यावर निबंधक, हे सगळं अगदी पहिलीच्या वर्गापासून. तोही गेला. तिसऱ्याला समजावताना माझाच आवाज मला ध्वनिमुद्रित वाटायला लागला होता.

त्या तिसऱ्याने ठेवीदारांसाठी पत्रक केलं. दिसायला देखणं, कागद जाड. मी त्या दिवशी वसुलीसाठी जतला गेलो होतो, नजर न टाकताच ‘छापा’ म्हणालो. त्यात एक ओळ होती: ‘आपल्या ठेवी ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित.’ आता हा ५ लाखांचा विमा फेब्रुवारी २०२० पासून आहे खरा, पण तो बँकांतल्या ठेवींना. पतसंस्थेच्या ठेवींना तो लागू नाही. दुपारी आमच्या पिग्मी एजंटचा फोन आला. ‘‘सायेब, गणपती पेठेतलं शेटजी इचारत्यात, पत्रकात विमा लिवलाय, तर त्याची पावती कुठाय? आणि पाच लाखाच्या वरचं असलं तर ते बुडणार काय?’’

पत्रकं परत गोळा करायला दोन दिवस लागले. वाटलेला कागद परत मागायला गेलं की समोरचा माणूस त्या कागदाकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. कंपनीने माफी मागितली आणि त्या महिन्याचं बिलही लावलं नाही. माणसं वाईट नव्हती. चूक त्या पोराची होती, असंही म्हणवत नाही. त्याला फरक समजावणारा मीच, आणि तिसऱ्यांदा समजावताना मी कंटाळून निम्मं गाळलं होतं. सल्लागाराला फी द्यायची आणि त्याची शिकवणीही आपणच घ्यायची, हे गणित मला तिथे नकोसं झालं.

मग कर्ज विभागातल्या एका बाईंना हे काम दिलं. अक्षर चांगलं, भाषा त्याहून चांगली, आणि गावभागात वाढलेल्या. जोडीला विश्रामबागचे एक निवृत्त उपसंपादक. मजकूर त्यांच्या नजरेखालून जातो, त्याचे ते मजकुरागणिक पैसे घेतात. शनिवारी एजंट भरणा करायला आले की बाई त्यांच्याबरोबर पंधरा मिनिटं चहा-भडंग घेऊन बसतात आणि विचारतात, या आठवड्यात लोक काय म्हणतायत? आमचं सर्वेक्षण ते एवढंच.

पेठेतली शाखा आम्ही वरच्या मजल्यावर न्यायला काढली, तेव्हा असाच एक एजंट म्हणाला, ‘‘ताई, बाजारात बोलत्यात, शाखा हलवाय लागलीत म्हंजे संस्था बुडाय लागलीया.’’ बाईंनी जुन्या शाखेच्या भिंतीवरच्या दोन्ही पुरांच्या खुणांचा फोटो काढला, खाली लिहिलं, ‘म्हणून वर जातोय’, आणि संध्याकाळपर्यंत तो प्रत्येक एजंटच्या मोबाइलवर होता. सांगलीतल्या माणसाला एवढं पुरतं. तो पावसाळ्यात बायकोच्या माहेरच्या बातमीआधी आयर्विनचे फूट विचारतो. पुण्याच्या कंपनीला आधी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, इथून सुरुवात करावी लागली असती.

घरच्या माणसाचे तोटेही आहेत, ते लपवत नाही. मार्चमध्ये बाई वसुलीत अडकतात, तेव्हा महिनाभर आमच्याकडून एक अक्षर बाहेर पडत नाही. फोटो वाकडे येतात. पत्रकाचा कागद पातळ असतो. आणि अध्यक्षांना ‘नको’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही. कॅलेंडरवर फोटो परत आलाय, अजून तरी फक्त जानेवारीत.

त्यामुळे सरसकट सल्ला देणं अवघड आहे. माझे एक स्नेही हळदीची पाकिटं परराज्यात विकतात. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते तिकडच्या गिऱ्हाइकाला पटवायला त्यांना बाहेरचीच कंपनी लागते, आणि ते तिच्यावर खूश आहेत. त्यांचं गिऱ्हाईक लांबचं, आपलं रोज दारात. तुमच्या संस्थेवर सहकार निबंधकांची कलम ८३ ची चौकशी लागली असेल, तर घरच्या माणसाच्या भरवशावर राहू नका. वकील आणि जाणता सल्लागार दोघे हवेत. एरवी रोजच्या कामाला मी तरी घरचाच माणूस घेईन.

तरी नेमायचाच असेल, तर वर्षाचा करार करू नका, तीन महिन्यांचा करा. काम कोण बघणार त्याचं नाव करारात घाला, आणि तो बदलला तर नव्याला शिकवायचं काम त्यांचं, आपलं नाही, हेही लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात त्याला एक दिवस पिग्मी एजंटबरोबर फिरवा. जो ‘ऑनलाइन बैठक घेऊ’ म्हणेल, त्याला तिथेच नमस्कार करा.

मिरजेच्या साहेबांनी त्यांचं काय ठरलं ते अजून कळवलेलं नाही. त्यांच्या संस्थेचं कॅलेंडर मात्र माझ्या टेबलामागे लटकलंय. अध्यक्ष बाराही महिने हसतायत. तेव्हा पहिले तीन महिने तरी त्यांनी बाहेरचा माणूस घ्यावा, असं मला वाटायला लागलंय.