डिजिटल ड्रॉइंगच्या नावाखाली ४,७९,०८० रुपये गेले, प्लांटवाल्यांनो सावध व्हा

आकडा आधीच सांगून टाकतो. ॲडव्हान्स २,७१,४००. ‘सॉफ्ट कॉपी मिळाल्यावर’ म्हणून १,६२,८४०. वर ‘पोर्टल’चं वर्षाचं भाडं ४४,८४०. एकूण ४,७९,०८० रुपये, त्यातले ७३,०८० नुसते जीएसटीचे. आणि हातात काय आलं? कुठल्याशा साखर कारखान्याची इलेक्ट्रिकल ड्रॉइंग (पॅनेलच्या वायरिंगचे नकाशे), वर आमच्या कंपनीचं नाव चिकटवलेलं.

ओटीपी, लिंक, लॉटरी असलं काही नव्हतं. रीतसर कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), बिल, आरटीजीएस. जुन्या पॅनेलची ड्रॉइंग करून देणाऱ्या असल्या एजन्सीचा धंदा कसा चालतो हे एमआयडीसीत सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. तरीही. नाव लिहीत नाही, वकिलांची सक्त ताकीद आहे.

आमची फौंड्री कोल्हापूरजवळ शिरोलीत. सँड प्लांटचं (मोल्डसाठी वाळू तयार करतो तो) इलेक्ट्रिक पॅनेल जुनं, ते बनवणारा पॅनेल बिल्डर केव्हाच धंदा बंद करून गेला. मूळ ड्रॉइंगचा एकच संच, निम्मा तेलाने भिजलेला, निम्मा वाळवीने खाल्लेला. मधल्या काळात मिक्सर बदलला, बकेट एलिव्हेटर (वाळू वर चढवणारा) सरकवला, कन्व्हेयर वाढले, रिले काढून पीएलसी (प्लांट चालवणारा कंट्रोलर) बसवला. हे सगळं नोंदलेलं कुठे? आमचे जुने इलेक्ट्रिशियन तात्या, त्यांच्या डोक्यात. आणि तात्या रिटायर व्हायला आले होते. त्यात कस्टमरचं आयएटीएफ (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक) ऑडिट तोंडावर, तिथे ‘अपडेटेड इलेक्ट्रिकल ड्रॉइंग दाखवा’ हा प्रश्न ठरलेला. हौस म्हणून कुणी साडेपाच लाखांची ऑर्डर काढत नाही, एवढंच म्हणायचंय.

एजन्सीचा तो माणूस आला, बोलायला एकदम तयार. ईप्लॅनमध्ये (इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) करून देऊ, आयईसी ८१३४६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रत्येक भागाला टॅगिंग, टर्मिनल प्लॅन, केबल शेड्यूल, प्रत्येक पॅनेलवर क्यूआर. मोबाइल धरला की त्याच पॅनेलचं पान उघडणार. मेंटेनन्सवाल्याला याहून दुसरं काय हवं असतं? रेट ४,६०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५,४२,८००. दुसरी दोन कोटेशनं याहून जास्त होती, पण फार जास्त नव्हती. फार स्वस्त असतं तर संशय आला असता की.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं अजून फिरतं ती सांगतो.

ऑर्डरआधी त्याने नमुना म्हणून तीन पानं पाठवली. दुसऱ्या पानावर मोटर फीडर (मोटरला वीज देणारं सर्किट). टॅग बीसी-२, खाली ४५ किलोवॅट, स्टार-डेल्टा (मोठी मोटर टप्प्याने चालू करायची पद्धत). आमच्याकडे बीसी-२ आहे, बेल्ट कन्व्हेयर नंबर दोन. कुठल्याही फौंड्रीत बीसी म्हणजे बेल्ट कन्व्हेयरच. पण त्याची मोटर साडेपाच किलोवॅटची आणि डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे थेट चालू होणारी. ४५ किलोवॅट त्या बेल्टला लावले तर वाळू मोल्डिंग मशिनच्या डोक्यावरून थेट हायवेवर पडेल. मी विचारलं. हो, विचारलं होतं, व्हॉट्सॲपवर अजून आहे. उत्तर आलं: ‘सर मॅक्रो आहे, साइट सर्व्हेनंतर रेटिंग अपडेट होईल.’

ज्यांनी ईप्लॅन पाहिलंय त्यांना कळेल की हे उत्तर चुकीचं नाही. मॅक्रो म्हणजे सर्किटचा तयार तुकडा, तो पानावर टाकायचा आणि व्हॅल्यू बदलायच्या. सगळे तसंच करतात. चोर अडाणी असता तर तिथेच सापडला असता. हा शिकलेला होता. पण त्याच ओळीच्या टोकाला केबलची लांबी छापलेली होती, १३२ मीटर. मॅक्रोला केबलची लांबी कशी असेल? ती कुणीतरी टेप धरून मोजलेली असते, खऱ्या प्लांटमध्ये, खऱ्या केबल ट्रेवर. आमचा अख्खा सँड प्लांट १३२ मीटर लांब नाही. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी ४५ वरच अडकलो. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने ४५ तरी पाहिलं असतं का, हाही प्रश्न आहे.

नंतर सर्व्हेला दोन पोरं आली. पॅनेलचं दार उघडायचं, मोबाइलने फोटो, दार बंद. वायरिंग डक्टचं (वायरी ज्यातून जातात त्या पट्टीचं) एक झाकणसुद्धा काढलं नाही. तात्या जवळ येऊन म्हणाले, “साहेब, ही पोरं कंटिन्युटी कधी बघणार? ह्यांच्याकडं मल्टिमीटर पण दिसंना.” (कंटिन्युटी म्हणजे वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते का ते.) मी एजन्सीला फोन केला. ‘आमचं एआय फोटोवरून फेरूल नंबर (वायरच्या टोकावरचा) वाचतं सर.’ आजकाल कुणीही कशालाही एआय म्हणतो, आणि नाही म्हटलं तर आपणच जुनाट ठरतो. असं काम जे कुणी यापुढे करून घेतील त्यांच्यासाठी: डक्टचं झाकण न काढता केलेलं ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष आहे तसं ड्रॉइंग) हे ॲज-बिल्ट नव्हेच. तिथेच गेटपास परत घ्या.

पीडीएफ आल्या, देखण्या. क्यूआरचे स्टिकर आले. ऑडिट पार पडलं (ऑडिटर रिव्हिजनची तारीख बघतो, वायर बघत नाही). मी दुसरा हप्ता सोडला, पोर्टलचे पैसेही दिले.

मग पावसाळ्यात एका रात्री बकेट एलिव्हेटर ट्रिप झाला. तात्या तोवर रिटायर झालेले. नवा इलेक्ट्रिशियन हुशार पोरगा, ड्रॉइंग वाचता येणारा, आणि नेमकं तेच नडलं. ड्रॉइंगमध्ये एलिव्हेटरचा झिरो स्पीड स्विच (एलिव्हेटर थांबला की कळवणारा) पीएलसीच्या इनपुटला दाखवलेला. पोरगा तो इनपुट तपासत बसला. प्रत्यक्षात तो इनपुट रिकामा, आणि स्विच कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करतो तो) कॉइलच्या लाइनमध्येच सिरीजला. कॉइलखाली कॉन्टॅक्टचा क्रॉस रेफरन्स /२७.४, म्हणजे पान २७, कॉलम ४. पान २७ वर काय? पॅनेलमधला दिवा आणि कूलिंग फॅन. इकडे भट्टीत धातू तयार, वाळू नाही म्हणून मोल्ड नाहीत. शेवटी धातू पिग करून, म्हणजे नुसते ठोकळे ओतून, टाकावा लागला.

त्याहून वाईट पुढे. मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद करून पोराने हात घातला आणि त्याला झटका बसला. शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकसाठी आलेले २३० व्होल्ट त्या टर्मिनलवर जिवंत होते. अशा बाहेरून आलेल्या सप्लायची वायर आयईसी ६०२०४-१ (मशिनच्या इलेक्ट्रिकल सुरक्षेचं मानक) प्रमाणे नारिंगी हवी आणि ड्रॉइंगवर ती ठळक दाखवलेली हवी. आमची वायर लाल, ड्रॉइंगवर तिचा पत्ताच नाही. पोरगा वाचला. पुन्हा कुणी मला ‘ड्रॉइंग काय, कागदच तर आहे’ म्हणालं तर मी काय बोलेन सांगता येत नाही.

शेवटी तात्यांना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, “एलिव्हेटरच्या बुडाजवळचा जंक्शन बॉक्स उघड, पाणी शिरलं असंल.” तेच निघालं.

दुसऱ्या दिवशी मी एकेक पान घेऊन बसलो. पान ४१ वर, टायटल ब्लॉकच्या (नाव-तारखेच्या चौकटीच्या) अगदी खाली, बारीक अक्षरात राहून गेलेलं: ‘बगॅस कॅरिअर क्र. २’, म्हणजे साखर कारखान्यातला उसाच्या चोयट्यांचा कन्व्हेयर. आमचा बीसी-२! डीडब्ल्यूजी (कॅड ड्रॉइंगची) फाइल उघडली, एका रेषेवर क्लिक केलं तर अख्खं पानच निळं झालं. आत एकही रेषा नव्हती, स्कॅन केलेलं चित्र चिकटवलेलं होतं. म्हणून पीडीएफमध्ये सर्चही चालत नव्हतं. तुमच्याकडे कुणाची ड्रॉइंग आली असतील तर आजच हे करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पीओमध्ये ‘ईप्लॅन प्रोजेक्टचा बॅकअप, .झेडडब्ल्यू१ फाइल’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘सॉफ्ट कॉपी’ लिहिलंत तर सॉफ्ट कॉपीच मिळेल.

क्यूआर? ते एका फुकटच्या ड्राइव्हच्या लिंकवर जात होते. मी फोनवर आवाज चढवला त्याच आठवड्यात ती लिंक बंद झाली. क्यूआर लावायचेच तर ते तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर उघडले पाहिजेत.

आता सरकारी पाहुणचार. पोलीस स्टेशनात अर्धं पान वाचून साहेब म्हणाले, ‘हा दिवाणी मामला आहे.’ मी म्हटलं, दुसऱ्याची ड्रॉइंग आमच्या नावाने विकली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ‘तुम्ही वकील आहात का?’ सायबरला गेलो, तिथे ‘तुम्ही स्वतः आरटीजीएस केलाय, यात सायबर काय?’ सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवून घेतली, पण तो नंबर पैसे खात्यात असेपर्यंतच उपयोगी. आमचे कधीच निघून गेलेले. बँकेने समोरच्या खात्याची माहिती द्यायला नकार दिला, म्हणे त्यांच्या ग्राहकाची प्रायव्हसी. माझी काय होती मग?

ग्राहक आयोगात वकिलांनी आधीच थांबवलं, व्यावसायिक कारणासाठीची खरेदी, तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही. एमएसएमई समाधान पोर्टल पाहिलं तर ते विकणाऱ्याच्या थकलेल्या पैशासाठी, घेणाऱ्यासाठी नाही. जीएसटीचं तर विचारूच नका. एकही बिल २बीमध्ये (सप्लायरने भरलेली बिलं दाखवणारा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता) दिसलं नाही, म्हणजे ७३,०८० चं क्रेडिट नाही. अधिकारी म्हणाले, ‘सप्लायरला रिटर्न भरायला सांगा.’ सप्लायर सापडत असता तर मी इथे कशाला आलो असतो? जीएसटी नंबर खरा होता, नाव जुळत होतं, मी तपासलं होतं. पण पोर्टलवर नंबरखालीच रिटर्न भरल्याच्या तारखा दिसतात, त्याही बघा. आणि जीएसटीची रक्कम बिल २बीत आल्यावरच द्या, कितीही गोड बोलला तरी.

तीन लाखांच्या वर असल्याने व्यावसायिक न्यायालयात दावा होतो. पण तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. नोटीस गेली, ‘पत्ता सोडून गेले’ शेरा मारून परत आली. समोरचा आलाच नाही म्हणून नॉन-स्टार्टर रिपोर्ट मिळाला. त्याला छान शिक्का आहे. पोलीस ऐकत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे एसपींना लेखी पोस्टाने पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. मी एसपींना पाठवलंय. पोचपावती आहे, बाकी काही नाही.

कुणाला हे काम खरंच करून घ्यायचं असेल तर आधी एकच पॅनेल द्या. मनाला येतील त्या दहा वायर निवडा, मल्टिमीटर लावून ड्रॉइंगशी ताडून बघा. दोन चुकल्या तरी पुढचं काम देऊ नका. आमचं आता तात्याच करताहेत, आठवड्यातून दोनदा येतात, लाल पेनाने. पोरगा ते रोज कॉम्प्युटरवर घेतो.

आणि मागच्या आठवड्यात त्या माणसाच्या वकिलाची नोटीस आली. राहिलेले १,०८,५६० रुपये का दिले नाहीत म्हणून. त्यांचं उद्यम (लघुउद्योग म्हणून) रजिस्ट्रेशन आहे म्हणे, उशिरा पेमेंट केल्याबद्दल एमएसएमई कायद्याने बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागितलंय, नाहीतर समाधान पोर्टलवर अर्ज करणार. उत्तर द्यायला माझ्या वकिलाने ७,५०० घेतले. नोटिशीवर त्याचा नवा पत्ता आहे, चालू असलेला. तो पत्ता मी पोलीस स्टेशनात नेऊन दिला. त्यांनी तोही इनवर्ड करून घेतला.