भुईकाट्याची सर्व्हिस आणि सिस्टमडी: सोयाबीनचा हंगाम उलटल्यावरचा अनुभव

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की भुईकाट्यावर गाड्यांची रांग लागते. इंडिकेटरवर वजन दिसतंय, पण कॉम्प्युटरवर आकडा येत नाही, अशी तक्रार नेमकी त्याच वेळी येते. मांडणी साधी आहे. मिनी पीसीवर डेबियन १२ आणि त्यावर पायथनमधली एक छोटी सर्व्हिस. इंडिकेटरकडून आरएस-२३२ (सिरियल) केबलवरून वजन वाचायचं, एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये नोंदवायचं आणि ८०८० पोर्टवरून पावतीच्या कॉम्प्युटरला द्यायचं, एवढंच तिचं काम. सर्व्हिस सांभाळायला सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम. खरिपाचं सोयाबीन आणि मागोमाग तूर, असा सगळा हंगाम ही मांडणी रोज वापरात होती.

या कामासाठी सिस्टमडी उत्तम आहे, पण त्याच्या डिफॉल्ट सेटिंगवर विसंबून चालत नाही. आणि सर्व्हिस रीस्टार्टला अडकते तेव्हा दोष बहुतेक वेळा सुरू होण्यात नसतो, आधीची प्रोसेस नीट बंद न होण्यात असतो. रीस्टार्ट म्हणजे आधी स्टॉप, मग स्टार्ट. एरर मात्र स्टार्टच्या वेळी दिसते, त्यामुळे माणूस तिथेच शोधत बसतो. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणजे एरर क्रमांक ९८ दिसला की लगेच पोर्ट बदलायला धावू नका. तो पोर्ट कोण धरून बसलंय ते आधी बघा.

त्यासाठी पहिली कमांड: एसएस -एलटीएनपी. पोर्टसमोर पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक मिळतो. मग सिस्टमसीटीएल स्टेटस आणि पुढे तोच पीआयडी. सर्व्हिसच्या नावाऐवजी पीआयडी दिला तरी ही कमांड चालते आणि ती प्रोसेस कोणत्या युनिटची (सिस्टमडी सांभाळतं त्या सर्व्हिसची वा सेशनची) आहे ते दाखवते. तिथे भुईकाटा सर्व्हिसचं नाव न येता एखाद्या लॉगिन सेशनचं नाव आलं, तर कोणीतरी प्रोग्राम नोहपने (लॉगआउटनंतरही चालू ठेवणारी कमांड) हाताने चालवून ठेवलाय. दुरुस्तीला आलेला माणूस ‘तात्पुरतं’ असं करून जातो, हे फार होतं. ती प्रोसेस सर्व्हिसच्या सीग्रुपमध्ये (सर्व्हिसच्या प्रोसेसच्या गटात) नसते, त्यामुळे सिस्टमडी कितीही वेळा रीस्टार्ट केलं तरी तिला हात लावत नाही. ती हाताने मारावी लागते, आणि पुन्हा कोणी तसं चालवणार नाही अशी तजवीज करावी लागते.

आता मुख्य दुखणं. लाईट गेली की मिनी पीसी यूपीएसवर चालू राहतो, पण इंडिकेटर त्या लाइनवर नसेल तर बंद पडतो. सिरियल पोर्टवर एकही बाइट येत नाही. प्रोग्राम वाचायच्या ओळीवर थांबलेला असतो आणि पायसिरियलमध्ये (सिरियल पोर्ट वाचायची पायथन लायब्ररी) टाइमआउट दिला नसेल तर तो अनंत काळ थांबतो. अशात स्टॉप केलं की सिस्टमडी सिगटर्म, म्हणजे ‘बंद हो’ असा सिग्नल पाठवतं. प्रोग्रामने सिगटर्मसाठी हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) लावलेला असतो, पण तो फक्त ‘आता थांबायचंय’ असा फ्लॅग लावतो. पायथन ३.५ पासून सिग्नलमुळे मध्येच तुटलेली सिस्टम कॉल आपोआप पुन्हा सुरू होते. म्हणजे फ्लॅग लागतो, वाचणं पुन्हा सुरू होतं, आणि पुढचा बाइट येईपर्यंत त्या फ्लॅगकडे कोणी बघतच नाही. डिफॉल्ट टाइमआउटस्टॉपसेक ९० सेकंद आहे. तेवढा वेळ थांबून सिस्टमडी सिगकिल देतं, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारतं. तोपर्यंत स्टेटसमध्ये डीॲक्टिव्हेटिंग, स्टॉप-सिगटर्म असं दिसत राहतं आणि काट्यावरचा माणूस वैतागून मशीनच बंद करतो. मशीन बंद करतानाही तोच दीड मिनिटांचा स्टॉप जॉब आडवा येतो. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर ती तेवढा वेळ टिकेलच असं नाही.

उपाय प्रोग्राममध्येच आहे आणि तो एका शब्दाचा आहे: सिरियल पोर्ट उघडताना टाइमआउट=१. दर सेकंदाला वाचणं सुटतं, फ्लॅग तपासला जातो आणि सर्व्हिस सेकंद-दोन सेकंदांत शहाण्यासारखी बंद होते. गंमत अशी की हँडलर मुळीच नसता तर सिगटर्मने पायथन लगेच मेला असता, पण फायनली ब्लॉक (शेवटची आवराआवर करणारा कोड) न चालवता. कोडला हात लावणं शक्य नसेल आणि आत हँडलर नसेल, तर युनिटमध्ये किलसिग्नल=सिगइंट (कंट्रोल-सी दाबल्यावर जाणारा सिग्नल) लिहा. मग पायथनमध्ये कीबोर्डइंटरप्ट उठतो, फायनली चालतं, फाइल आणि पोर्ट रीतसर बंद होतात.

युनिट फाइल (सर्व्हिसची सेटिंग असलेली फाइल) थेट बदलू नका. सिस्टमसीटीएल एडिट भुईकाटा केलं की वेगळी ओव्हरराइड फाइल तयार होते आणि मूळ फाइल शाबूत राहते. हंगामभर टिकलेली सेटिंग अशी: रीस्टार्ट=ऑलवेज, रीस्टार्टसेक=५ (पुन्हा सुरू करण्याआधीचं अंतर), टाइमआउटस्टॉपसेक=१५, किलमोड=कंट्रोल-ग्रुप (सिग्नल गटातल्या सगळ्या प्रोसेसना). एक्झेकस्टार्ट (सर्व्हिस सुरू करणारी कमांड) बदलायचं असेल तर आधी रिकामी एक्झेकस्टार्ट= ही ओळ द्यावी लागते, नाहीतर दोन कमांड झाल्या म्हणून साध्या प्रकारच्या सर्व्हिसचं युनिट सिस्टमडी नाकारतं.

ऑन-फेल्युअर न घेता ऑलवेज घेण्यामागे कारण आहे. बरेच प्रोग्राम केबल निघाल्यावर एरर छापतात आणि शून्य कोडने बाहेर पडतात. सिस्टमडीच्या लेखी ते यशस्वी बाहेर पडणं, त्यामुळे ऑन-फेल्युअरमध्ये रीस्टार्ट होतच नाही. ऑलवेज असलं तरी तुम्ही स्वतः स्टॉप केलेली सर्व्हिस ते परत उठवत नाही, त्यामुळे त्याची भीती नको.

रीस्टार्टसेकचा डिफॉल्ट १०० मिलिसेकंद आहे आणि सुरू होण्याची मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा. केबल ढिली झाली तर या पाचही संधी चुटकीसरशी संपतात. ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असं लिहून सिस्टमडी हात वर करतं. त्यानंतर केबल घट्ट बसवली तरी सर्व्हिस आपणहून उठत नाही. पाच सेकंदांचं अंतर ठेवलं की दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होणं शक्यच नसतं, त्यामुळे ही मर्यादा कधी लागत नाही. मर्यादा पूर्ण काढायची असेल तर स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=० ही ओळ युनिट विभागात टाका. सर्व्हिस विभागात टाकली तर ती दुर्लक्षित होते आणि जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) फक्त एक इशारा उमटतो, जो कोणी वाचत नाही. एकदा अडकलेली सर्व्हिस मोकळी करायला सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड.

जुन्या सल्ल्यांमध्ये किलमोड=प्रोसेस सापडतं. ते घेऊ नका. शेल स्क्रिप्टमधून प्रोग्राम सुरू होत असेल तर सिग्नल फक्त शेलला मिळतो, शेल मरतो आणि खरा पायथन पोर्ट धरून मागे राहतो. पुढच्या स्टार्टला जर्नलमध्ये ‘फाउंड लेफ्ट-ओव्हर प्रोसेस’ अशी ओळ येते. ही ओळ दिसली की निदान तिथेच झालं. स्क्रिप्ट ठेवायचीच असेल तर तिच्या शेवटच्या ओळीत कमांडच्या आधी एक्झेक लिहा, म्हणजे शेलच्या जागी प्रोग्राम येतो आणि मुख्य पीआयडी त्याचाच राहतो.

यूएसबी-सिरियल केबलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे वेळ सगळ्यात जास्त जातो. जुनी प्रोसेस पोर्ट उघडा धरून असताना केबल निघून परत लागली, तर टीटीवाययूएसबी० हे नाव अजून मोकळं झालेलं नसतं आणि कर्नल तिला टीटीवाययूएसबी१ देतो. सर्व्हिस मात्र शून्यावरच शोधत राहते. म्हणून सेटिंगमध्ये /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी मधलं नाव द्या. स्वस्त सीएच३४० केबलला सहसा स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे तशा दोन केबल असतील तर बाय-आयडीमध्ये दोघींचं नाव एकच होतं. तिथे बाय-पाथ वापरा आणि केबल कोणत्या यूएसबी खाचेत लावायची ते पीसीवर चिठ्ठी चिकटवून ठेवा. उबुंटू २२.०४ वर हीच केबल लावल्या लावल्या गायब होत असेल तर ब्रेल डिस्प्लेसाठी असलेलं बीआरएलटीटीवाय तिला ओढून घेतं. काट्याच्या मशीनवर ते पॅकेज लागत नाही, काढून टाका. परवानगीची एरर असेल तर सर्व्हिसचा युजर डायलआउट ग्रुपमध्ये आहे का ते बघा.

यातली एक चूक पैशाची आहे. जुनी आणि नवी अशा दोन प्रोसेस एकाच पोर्टवरून वाचू लागल्या तर बाइट दोघींत वाटले जातात. १२४५० किलोतले मधले अंक दुसरीकडे गेले की इकडे १५० येतं. पायसिरियल अशा वेळी ‘डिव्हाइस डिस्कनेक्टेड ऑर मल्टिपल ॲक्सेस ऑन पोर्ट’ अशी एरर देतं, आणि लोक अर्धंच वाचून केबल बदलतात. पोर्ट उघडताना एक्सक्लुझिव्ह=ट्रू द्या. मग पोर्टवर फ्लॉक (कर्नलचं कुलूप) लागतो आणि हीच सोय वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोसेसला तो उघडता येत नाही. फ्लॉकचा मोठा गुण म्हणजे प्रोसेस सिगकिलने मेली तरी कर्नल तो स्वतः सोडतो. उलट ‘फाइल आहे म्हणजे मी चालू आहे’ या पद्धतीची पीआयडी फाइल प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर लाईट जाऊन आल्यावरही ती तशीच राहते आणि सर्व्हिस ‘आधीच चालू आहे’ म्हणून नकार देते. तशी फाइल लागतच असेल तर रनटाइमडिरेक्टरी=भुईकाटा लिहून तिला /रन मध्ये हलवा. तिथलं फोल्डर सर्व्हिस बंद होताना सिस्टमडी स्वतः काढतं.

आणि एक कळकळीची विनंती. सर्व्हिस अडकली म्हणून डेटाबेसशेजारची -वाल शेवटाची फाइल डिलीट करू नका. सगळ्यात ताज्या नोंदी त्याच फाइलमध्ये असू शकतात. सिगकिलनंतर एसक्यूलाइट पुढच्या वेळी उघडताना स्वतःच ती मार्गी लावतं. ती उडवली तर शेतकऱ्याच्या मालाचं वजनच जातं.

नावडलेल्या गोष्टीही आहेत. डेबियन १२ मध्ये सिस्टमडी २५२ आहे. रीस्टार्टमधलं अंतर टप्प्याटप्प्याने वाढवणारी रीस्टार्टस्टेप्स ही सोय २५४ पासून आली, त्यामुळे इथे ती मिळत नाही. उबुंटू २४.०४ वर मिळते. स्टेटस कमांड शेवटच्या मोजक्याच ओळी दाखवते, खरं कारण त्याच्या वर असतं. म्हणून जर्नलसीटीएल -यू भुईकाटा -बी वापरायची सवय लावावी लागते, आणि लाईट गेल्याआधीचं बघायचं असेल तर -बी -१. त्यासाठी /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर असायला हवं, नसेल तर मशीन बंद होताच जुना लॉग जातो.

पीएस कमांडच्या स्टॅट रकान्यात प्रोसेससमोर डी अक्षर दिसलं तर मात्र सिस्टमडीचा इलाज चालत नाही. ती कर्नलमध्ये यूएसबी किंवा डिस्कची वाट बघत अडकलेली असते, सिगकिललाही दाद देत नाही. केबल काढून बघा, नाही सुटली तर मशीन रीबूट.

हंगामाआधी, काटा मोकळा असताना या चाचण्या घ्या. इंडिकेटर बंद करून सर्व्हिस रीस्टार्ट करा. पाच सेकंदांच्या आत जुनी बंद होऊन नवी उठली पाहिजे. केबल ओढून मिनिटभराने परत लावा. हात न लावता वजन यायला लागलं पाहिजे. मुख्य पीआयडीला सिगकिल द्या. पाच सेकंदांनी सर्व्हिस उठली पाहिजे. प्रत्येक चाचणीनंतर एसएस -एलटीएनपी चालवून ८०८० वर एकच प्रोसेस आहे ना ते बघा, आणि माहीत असलेलं वजन काट्यावर ठेवून पडद्यावरचा आकडा जुळवा.