आठवीसाठी कोणती शाळा: पालिकेची छोटी की अनुदानित मोठी?

शेजारच्या ताईंची लेक आठवीत जातेय. मुंबईत त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत: गल्लीतली पालिकेची छोटी माध्यमिक शाळा किंवा बसने जावं लागणारं अनुदानित मराठी हायस्कूल.

आधी पटसंख्या बघा, बरंचसं तिच्यावरच ठरतं. छोट्या शाळेत वर्गात वीसेक मुलं, त्यामुळे बाई प्रत्येकाची वही उघडून बघतात. पण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची सरकारी मंजुरी, पटावर होते. पट घसरला की पदं घटतात आणि गणिताच्या बाईंना विज्ञानही घ्यावं लागतं. हायस्कूलमध्ये विषयवार शिक्षक आणि नीट प्रयोगशाळा, पण वर्गात साठेक मुलं.

निकालाच्या फलकाला भुलू नका. वीसांत एक नापास झाला की निकाल ९५ टक्के, दोन झाले की ९०. तीन-चार वर्षांचे आकडे मागा. नववीत किती होते आणि दहावीला किती बसले, हे तर विचाराच. नववीतच मुलं गळाली असतील तर १०० टक्क्यांना काय अर्थ?

पालिका शाळेत बरीचशी मुलं रोजंदारीवरच्या घरांतली. गावी गेलेलं पोर शाळा सुरू झाल्यावरही लवकर परतत नाही आणि हजेरी घसरते. तो दोष शिक्षकांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

खर्चात पालिका सरस: फी नाही, गणवेश, दप्तर, वह्या मोफत.

लेक बुजरी असेल, घरी शिकवणारं कुणी नसेल, तर छोटी शाळा. फक्त गणित-विज्ञानाचे शिक्षक आहेत ना, ते आधी पाहा. स्वतःहून अभ्यास करणारी, विज्ञान शाखेकडे जाणारी असेल तर हायस्कूल.